चेंडू खाली ठेवण्याची वेळ

सन २०१६ हे साल बास्केटबॉलच्या चाहत्यांस फार जड गेले. एप्रिल महिन्यात कोबी ब्रायंट गेला, जुलैत टिम डंकन गेला आणि सप्टेंबरात केव्हिन गार्नेट गेला. ‘गेला’ हा शब्द आम्ही मैदान सोडून गेला, एवढ्याच अर्थाने योजीत आहोत. तिघांपैकी एकाच्या बाबतीत त्या शब्दास पुढे दुसराही अर्थ येऊन चिकटला; तो विषय यथाकाल येईलच. कोबीचे वीस हंगाम, डंकनचे एकोणीस व गार्नेटचे एकवीस. मिळून बरोबर साठ. एखाद्या कुटुंबातील तीन वडीलधारी माणसे एकाच वर्षी अंथरुणास खिळावीत, तशी आमच्यासारख्यांची त्या वर्षी अवस्था झाली.

वाचक म्हणतील, इकडे भाताची रोपे पिवळी पडत आहेत, मुलीच्या लग्नाची चिंता डोक्यावर आहे, आणि हे गृहस्थ अमेरिकेतील लक्षाधीश खेळाडूंच्या निवृत्तीचे सुतक धरून बसले आहेत! आक्षेप रास्त आहे. आमच्या घरातही तो अनेकदा घेतला गेला आहे. पण एखाद्या माणसाचे काम आपण एकोणीस वर्षे डोळ्यांनी पाहत आलो, की त्याच्या वर्षांच्या शेजारी आपलीही वर्षे नकळत मांडली जातात. डंकन व आम्ही जवळजवळ एका वयाचे. १९९७ साली तो व्यावसायिक खेळात उतरला, तेव्हा आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो. त्याने चेंडू खाली ठेवला, तेव्हा आम्हांस वाचावयास चष्मा लागला होता.

ज्यांना या खेळाची ओळख नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, थंडीत बाहेर खेळता न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगून हा खेळ काढला. नेस्मिथ स्वतः धर्मशास्त्र शिकलेला होता. आज टोपलीच्या जागी दहा फूट उंचीवर लोखंडी कडे व त्यामागे फळी असते. दोन्ही बाजूंस पाच-पाच गडी. खेळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. ऐकावयास सोपे. पण अमेरिकेच्या व्यावसायिक संघांस नेहमीच्या हंगामात ब्याऐंशी सामने खेळावे लागतात, व त्यांतून जे तरतात त्यांची झुंज पार जून महिन्यापर्यंत चालते. लाकडी जमिनीवर रात्रीमागून रात्र उड्या मारणाऱ्या या माणसांचे गुडघे व घोटे आमच्या हमालांच्या पाठीइतकेच झिजतात. निवृत्तीचा निर्णय बहुधा गुडघाच घेतो; खेळाडू तो फक्त जाहीर करतो.

बेळगावकडच्या आमच्या गावी शाळेच्या पटांगणात एका फादरांनी दोन लोखंडी खांब उभे केले होते. त्यांच्या कड्यांना जाळी कधीच नव्हती. चेंडू आतून गेला की बाजूने, यावर तंटे होत. तेथून आमचे हे वेड. अमेरिकेतील सामन्यांची वार्ता प्रथम वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील दोन ओळींतून आम्हांस मिळे. पुढे दूरचित्रवाणी आली. त्यांची रात्र ती आमची पहाट. त्यांची शनिवारची रात्र ती आमची रविवारची सकाळ. मिस्साला निघण्यापूर्वी जेवढा पाहावयास मिळे तेवढा पाहावा आणि उरलेल्याचा निकाल घरी परतल्यावर कळावा, असा क्रम असे. चर्चच्या पायऱ्यांवर गावातील दुसरा एक शौकीन भेटे. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावयाचे नाही, असा आमचा अलिखित करार होता. कारण चेहऱ्यावरून निकाल कळतो.

आमचा संघ सॅन अँटोनिओ स्पर्स. या नगराचे नाव संत अंतोनीवरून पडलेले आहे. १६९१ साली त्या संताच्या सणाच्या दिवशी, १३ जून रोजी, स्पॅनिश धर्मगुरू व सैनिक तेथील नदीकाठी पोहोचले, म्हणून. आमच्या घराण्यात संत अंतोनीची नवेना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असल्यामुळे संघ निवडताना आम्ही फारसा विचार केला नाही. पण त्या संघात राहून डंकनने आम्हांस जे दिले, त्याचे श्रेय संतास देण्याचे कारण नाही.

डंकनचा जन्म कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर १९७६ साली झाला. बाप गवंडीकाम करणारा, आई सुईण. मुलाला नाद पोहण्याचा. थोरली बहीण १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहून आलेली. हाही त्याच वाटेने जाणार, असे सर्वांस वाटत होते. १९८९ च्या सप्टेंबरात ‘ह्यूगो’ नावाचे चक्रीवादळ आले आणि बेटावरील पोहण्याचा एकमेव मोठा तलाव उद्ध्वस्त करून गेले. पुढल्या वर्षी मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई कर्करोगाने वारली. त्यानंतर तो शर्यतीसाठी पोहला नाही. घरी बहिणीच्या नवऱ्याने त्याला बास्केटबॉल शिकविला. चौदा वर्षे म्हणजे या खेळात उशीरच.

मुलांनी महाविद्यालयाची पदवी घ्यावी, ही आईची इच्छा होती व तसे वचन त्याने दिलेले होते. वेक फॉरेस्ट विद्यापीठात असतानाच त्याचे नाव झाले. शिक्षण अर्धवट टाकून पैशाच्या खेळात उतरावे, म्हणून त्याच्यापुढे लक्षावधी डॉलर उभे होते. कोबी व गार्नेट तर शाळेच्या बाकावरूनच उठून व्यावसायिक संघांत गेले होते, आणि त्यांत त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. डंकन मात्र चारही वर्षे थांबला, १९९७ साली मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मगच स्पर्स संघाने त्याला त्या वर्षीच्या निवडीत सर्वांआधी उचलले. मेलेल्या आईस दिलेले वचन मोडल्याने कोणी तुरुंगात घालीत नाही. म्हणूनच ते पाळणाऱ्याविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न होतो.

त्याचा खेळ पाहणाऱ्यांस नीरस वाटे. उंची सात फुटांना एक इंच कमी, चेहरा मख्ख. गुण झाला तरी ओरडणे नाही, छाती पिटणे नाही. त्याची आवडती फेक म्हणजे चेंडू फळीवर एका ठरावीक जागी हलकेच आपटून कड्यात सोडणे. ही फेक शाळेतील मुलांस पहिल्या महिन्यात शिकवितात आणि मोठे झाल्यावर ती कोणी वापरीत नाही, कारण तीत डौल नाही. उत्तम सुतार सांध्यास खिळा मारीत नाही. लाकूडच असे कापतो की ते एकमेकांत बसते. त्यातलाच हा प्रकार. अशा खेळावर १९९९, २००३, २००५, २००७ व २०१४ अशी पाच अजिंक्यपदे झाली. २००३ च्या अखेरच्या सामन्यात डेव्हिड रॉबिन्सन हा संघातील ज्येष्ठ खेळाडू निरोप घेत होता. त्या रात्री डंकनने एकवीस गुण केले, वीस वेळा उसळलेला चेंडू धरला, दहा वेळा सोबत्यांस गुण मिळवून दिले आणि आठ वेळा शत्रूची फेक हवेत अडविली. म्हाताऱ्याची पाठवणी कशी करावी, याचा तो नमुना होता.

प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच हा तापट माणूस. तो सर्वांदेखत डंकनवर डाफरे आणि डंकन मान खाली घालून ऐकून घेई. घरात थोरला मुलगा मुकाट्याने बोलणी खातो, तेव्हा धाकट्यांस उलट उत्तर देण्याची सोय उरत नाही. त्या संघाचे निम्मे गुपित एवढेच असावे. दुसरे निम्मे मानू जिनोबिली व टोनी पार्कर या दोघांत होते. जिनोबिली अर्जेंटिनाचा. १९९९ च्या निवडीत त्याचा क्रमांक सत्तावन्नावा, म्हणजे जवळजवळ शेवटच्या पंक्तीतला. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या देशाने अमेरिकेस उपान्त्य सामन्यात हरवून पुढे सुवर्णपदक घेतले. एवढा मोठा खेळाडू. पण प्रशिक्षकाने सांगितले म्हणून तो वर्षानुवर्षे आरंभी बाकावर बसून राहिला व मागाहून मैदानात उतरला. गावच्या भजनीमंडळात पेटी मागच्या रांगेत ठेवली म्हणून वर्षभर न बोलणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. (याच जिनोबिलीने २००९ च्या ३१ ऑक्टोबर रोजी भर सामन्यात मैदानावर घिरट्या घालणारे वटवाघूळ हाताच्या एका फटक्याने खाली पाडले. नंतर बिचाऱ्यास कुत्रे चावल्यावर घेतात तसली इंजेक्शने घ्यावी लागली.) पार्कर फ्रान्सचा, वाऱ्यासारखा चपळ. या तिघांनी मिळून नेहमीच्या हंगामांत ५७५ व अजिंक्यपदाच्या फेऱ्यांत १२६ सामने जिंकले. एकत्र खेळलेल्या कोणत्याही त्रिकुटाने तोवर एवढे जिंकलेले नव्हते.

२०१३ च्या जूनची ती सकाळ मात्र आमच्या घरात अजून निघते. मायामीविरुद्ध सहावा सामना. जिंकला की अजिंक्यपद. तीन गुणांची आघाडी, काही क्षण शिल्लक. समारंभासाठी मैदानाभोवती धरावयाची दोरीही माणसांनी बाहेर आणलेली. इतक्यात घड्याळात ५.२ सेकंद उरले असताना रे ॲलन याने कोपऱ्यातून फेक टाकली आणि बरोबरी झाली. पुढल्या जादा वेळात आमचा संघ हरला. दोन दिवसांनी सातवा सामना. अखेरच्या मिनिटात डंकनच्या हाती बरोबरी साधण्याची संधी आली. कड्याच्या अगदी जवळून, हजारदा केलेली फेक. ती चुकली. परत धावताना त्याने वाकून दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. सोळा वर्षांत त्याचा राग आम्ही पाहिला तो तेवढाच. त्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता, व त्या वयात अशी संधी पुन्हा येत नसते, हे सांगावयास जाणकाराची गरज नव्हती.

ती आली. पुढल्याच वर्षी तोच संघ, तेच प्रतिस्पर्धी, आणि स्पर्स चार विरुद्ध एक असे जिंकले. अखेरचा सामना १०४ विरुद्ध ८७, दिनांक १५ जून २०१४. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या संताच्या सणास दोनच दिवस झाले होते. संतांस असल्या कामी ओढू नये हे आम्ही जाणतो. पण आमच्या मातोश्रींनी त्या दिवशी आम्हांस न विचारता मेणबत्ती लावली, ही घटना आहे.

असो. जाण्याविषयी लिहावयास बसलो होतो.

डंकनचा अखेरचा सामना १२ मे २०१६ रोजी ओक्लाहोमा येथे झाला. संघ हरला; त्याने एकोणीस गुण केले. हा शेवटचा, असे तो कोणास बोलला नव्हता. दोन महिन्यांनी, ११ जुलै रोजी, संघाच्या कचेरीने एक पत्रक काढले: टिम डंकन निवृत्त होत आहे. वार्ताहरांपुढे तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पॉपोविच एकटा आला, डंकनचे चित्र असलेला सदरा घालून. डंकनच्या वडिलांनी मृत्यूपूर्वी आपल्याला सांगितले होते, की याचा खेळ संपेल तेव्हा हा आज आहे तसाच माणूस राहिला पाहिजे, हे तुम्ही पाहा. आणि तो तसाच राहिला आहे, असे सांगताना त्या तापट माणसाचा कंठ दाटून आला.

कोबी ब्रायंटची रीत अगदी निराळी. त्याने २०१५ च्या नोव्हेंबरातच एक कविता प्रसिद्ध करून निवृत्ती जाहीर केली, आणि मग तो सबंध हंगाम निरोपाचाच झाला. गावोगावी सत्कार, भेटी, उभे राहून टाळ्या; ज्यांनी वीस वर्षे त्याला शिव्या दिल्या, तेही उभे. त्याचा लेकर्स संघ त्या वर्षी सतरा सामने जिंकला आणि पासष्ट हरला. संघाच्या इतिहासातील ती सर्वांत वाईट कामगिरी. पण १३ एप्रिल २०१६ रोजी लॉस एंजेलिस येथे अखेरच्या सामन्यात या सदतीस वर्षांच्या गृहस्थाने साठ गुण केले! त्यांपैकी तेवीस शेवटच्या बारा मिनिटांत. आणि हरत आलेला सामना जिंकून दिला. त्यासाठी त्याने पन्नास वेळा कड्याकडे चेंडू फेकला. पन्नास! आमच्या शाळेच्या संघात कोणी असा हावरटपणा केला असता, तर सोबत्यांनी त्यास विहिरीत ढकलले असते. त्या रात्री सोबतीच त्याच्या हाती पुन्हा पुन्हा चेंडू देत होते. त्याच सायंकाळी दुसरीकडे गोल्डन स्टेट संघाने हंगामातील त्र्याहत्तरावा विजय मिळवून विक्रम केला. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

स्वभावाने आम्ही डंकनच्या पक्षाचे. २०१२ साली त्याने आपले वेतन निम्म्याहूनही खाली आणू दिले, म्हणजे त्या पैशात संघाला इतर चांगले गडी ठेवता यावेत. कोबीने पुढल्याच वर्षी दोन हंगामांसाठी साडेअठ्ठेचाळीस दशलक्ष डॉलरांचा करार केला. तुलना मनात येते ती येतेच. पण त्याच कोबीने २०१३ च्या एप्रिलमध्ये टाचेची शीर तुटलेली असताना रेषेवर उभे राहून दोन मुक्त फेकी टाकल्या, दोन्ही अचूक, आणि मग स्वतःच्या पायांनी चालत आत गेला. अशा माणसास नुसता दिखाऊ म्हणून मोकळे होता येत नाही.

आमच्या गावी एक मास्तर होते. निवृत्तीच्या दिवशी शेवटची घंटा होईपर्यंत त्यांनी अपूर्णांक शिकविले, कपाटास कुलूप लावले, किल्ली मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवली आणि सायकलवर बसून घरी गेले. शाल व नारळ आणून ठेवलेल्या मंडळींस ते सायंकाळी कळले. पुष्कळांनी त्यांची वाहवा केली. पण गावातील एक बाई, जिचे तिन्ही मुलगे त्यांच्या हाताखाली शिकले होते, ती महिनाभर त्यांच्यावर रुष्ट होती. ‘मास्तरांना काही नको असेल, मला द्यायचे होते,’ असे ती म्हणे. सॅन अँटोनिओच्या लोकांचे दुःख आम्हांस त्या बाईच्या बोलण्यावरून कळले. एकोणीस वर्षे ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडले, तो अखेरचा खेळला तो परगावी, आणि तो अखेरचा आहे हे ठाऊकही नसताना. डिसेंबरात त्याचा एकवीस क्रमांकाचा सदरा संघाने समारंभपूर्वक वर टांगला, तेव्हा कोठे त्यांस टाळ्या वाजविता आल्या.

कोबीचा निरोप वाजवीपेक्षा लांबला, असे २०१६ साली अनेकांचे मत होते. पुढे २६ जानेवारी २०२० उजाडला. तो रविवार होता. कोबी आपल्या मताचा, कॅथलिक. त्या सकाळी न्यूपोर्ट बीच येथील आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये प्रार्थना करून तो निघाला होता. काही वेळाने हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरास धडकले. तो, त्याची तेरा वर्षांची कन्या जियाना आणि आणखी सात माणसे, मिळून नऊ जीव गेले. आमच्याकडे तेव्हा प्रजासत्ताकदिनाची रात्र होती. चर्चच्या पायऱ्यांवरचा आमचा तो सोबती आता आखातात नोकरीस असतो. त्याचा दूरध्वनी आला व बराच वेळ दोघांनाही बोलता आले नाही. मग तो म्हणाला, ‘बरे झाले, त्या लोकांनी त्याला एक वर्षभर पोहोचविले.’ आम्हीही तेच मनात म्हणत होतो.

कोबी, डंकन व गार्नेट या तिघांची सन्माननीय खेळाडूंच्या मंदिरात निवड एकाच वर्षी, २०२० साली झाली. साथीमुळे समारंभ २०२१ च्या मे महिन्यावर गेला. दोघे स्वतः बोलले. तिसऱ्याच्या वतीने त्याची पत्नी बोलली.

उरलेल्या दोघांचे थोडक्यात. जिनोबिली एकेचाळिसाव्या वर्षी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये थांबला; त्या वयात बाकावरून उठून धावणे आता पुरे, असे त्याचे त्यासच वाटले असावे. पार्करने त्याच वर्षी स्पर्स सोडला व तो शार्लटला गेला. दुसऱ्या रंगाच्या सदऱ्यात त्यास पाहणे, म्हणजे मोडलेल्या घरातील देव्हारा शेजाऱ्याच्या ओटीवर पाहण्यासारखे होते. २०१९ च्या जानेवारीत तो परका म्हणून सॅन अँटोनिओस खेळावयास आला, तेव्हा लोक उठून उभे राहिले. जूनमध्ये त्यानेही खेळ सोडला. आपण पूर्वीचे टोनी पार्कर राहू शकत नसू आणि अजिंक्यपदासाठी झुंजू शकत नसू, तर खेळावे कशाला, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. त्याच्या उलट लेब्रॉन जेम्स. २०२४ च्या ऑक्टोबरात तो आपल्या मुलाबरोबर एकाच संघातून मैदानात उतरला, आणि त्याच डिसेंबरात चाळीस वर्षांचा झाला. दोघांपैकी कोण शहाणा, हे आम्हांस विचारू नये. आमचे स्वतःचे गुडघे जिना चढताना बोलू लागल्यापासून आमचे मत रोज बदलते.

पॉपोविच मात्र खेळाडूंच्या मागेही राहिला. १९९६ च्या डिसेंबरात त्याने संघ हाती घेतला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यास मेंदूचा झटका आला आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याने प्रशिक्षकपद सोडले. नेहमीच्या हंगामांत १,४२२ विजय. तोवर दुसऱ्या कोणाही प्रशिक्षकाचे एवढे नव्हते. वार्ताहरांपुढे तो आला तेव्हा आजाराच्या खुणा दिसत होत्या. त्याच्या सोबत दोन माणसे होती: एक जिनोबिली, दुसरा डंकन. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी ज्याने तोंड दाखविले नव्हते, तो गुरूच्या निवृत्तीला आला होता.

ते छायाचित्र आम्ही घरी सर्वांस दाखविले. मातोश्रींनी चष्मा पुसून ते पाहिले आणि पॉपोविचकडे बोट करून, याची प्रकृती आता कशी आहे, असे विचारले. धाकट्याने विचारले, ‘बाबा, यांतला तुमचा डंकन कोणता?’ उंचीवरून ओळख, असे आम्ही त्यास सांगितले.